धोंडूबाईचा सव्वा महिना

भिवंडीजवळच्या कोन गावात लग्न ठरलं की आधी मांडववाल्याला फोन जातो, मग डीजेवाल्याला, मग केटररला. सगळे फोन झाले की घरातली एखादी म्हातारी विचारते, "धोंडूबायला सांगितलं का?" मग सगळे एकमेकांकडे बघतात आणि मुलीचा बाप चपला शोधायला लागतो. कारण धोंडूबाईला फोनवर सांगून चालत नाही. तिच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, आणि आपण आपल्याच हळदीला पाटावर बसल्याबसल्या कसे डुलक्या घेत होतो, ही गोष्ट तिच्या तोंडून विसाव्यांदा ऐकून हसावं लागतं.

धोंडूबाई धवलारीण आहे. आगरी लग्नात भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता. त्याआधीचं राज्य धवलारणीचं. मांडवाची मेढ उभी करण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला गाते. त्यात ती देवांना आवतण देते, गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते, शेताच्या बांधाला बोलावते आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते. आता बांध राहिलेले नाहीत, त्यांच्यावर गोदामं उभी आहेत. जिथे भात पिकायचा तिथे आज देशभरच्या लोकांनी मोबाइलवरून मागवलेले मिक्सर, चपला आणि योगासनाच्या चटया रचून ठेवलेल्या असतात. पण धोंडूबाई बांधाला अजून आवतण देते. तिचं म्हणणं, बांध गोदामाच्या खाली असला म्हणून बहिरा झालेला नाही.

उंची पावणेपाच फूट, वय चौसष्ट, आणि आवाज असा की कल्याण रस्त्यावरचा कंटेनरवाला आपल्यालाच कुणी हाक मारली असं समजून आरशात बघतो. गोदामांच्या भाड्यावर कोनची लग्नं फुगत गेली. मागच्या वर्षी एक नवरदेव हेलिकॉप्टरमधून उतरला. त्याच्या पंख्यानं मांडवाचं कापड उडालं, तेव्हा धोंडूबाईनं नवरदेवाला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आता मांडव कोण बांधील, तुझा पायलट?" तिनं हात वर केला की डीजे बंद होतो. तहसीलदाराच्या हातानं तो होत नाही.

धवला एकटीनं गायचा नसतो. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती तशीच उचलायची. धोंडूबाईची ओळ गेली तीस वर्षं हौसा उचलत आली. दोघी एका वयाच्या, एकाच आळीतल्या, एकाच गुरूच्या. गुरू म्हणजे ठमाबाई, कोनची थोरली धवलारीण. तिनं या दोन पोरींना अकलोलीच्या गरम कुंडांवर आंघोळीला नेलं होतं आणि यात्रेतल्या गोंदणारणीकडून दोघींच्या उजव्या अंगठ्यावर, नखाच्या खाली, तीन तीन ठिपके गोंदवून घेतले होते. का, तर म्हणे धवलारणींचा हात हळदीच्या ताटात ओळखू आला पाहिजे. पुढे ठमाबाईनं ओळ टाकायला धोंडूला निवडलं आणि उचलायला हौसाला. हौसा तेव्हा काही बोलली नाही. तशी ती नेहमी दुसऱ्यांदाच बोलायची.

ठमाबाईला जाऊन सतरा वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत तिच्या खाटेच्या पायथ्याशी तिची नात क्षितिजा बसलेली असायची, तेव्हा सात-आठ वर्षांची. ठमाबाईनं धोंडूबाईचा हात धरून म्हटलं होतं, "हिची हलद तुझ्याच तोंडानं गो." धोंडूबाई हो म्हणाली होती. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द ती इतर कुठल्याही शब्दापेक्षा जड मानायची. जिवंत माणसाला समजूत घालता येते. मेलेल्याला आवतण द्यायला तोंड तेच लागतं.

आणि यंदा क्षितिजाचं लग्न ठरलं. तिचा बाप भावेश, म्हणजे ठमाबाईचा मुलगा, तीन गोदामांचा मालक, रीतसर ओट्यावर येऊन बसला, चहा प्याला, स्वतःच्या डुलक्यांची गोष्ट ऐकून हसला आणि तारीख सांगून गेला.

त्यानंतर पंधराच दिवसांत टेमघरला एका हळदीत धोंडूबाईचा दम तुटला. ओळ टाकली आणि ती अर्ध्यावरच छातीत अडकली. कुणाला कळायच्या आत हौसानं उरलेली अर्धी ओळ पूर्ण केली आणि पुन्हा स्वतःच उचलली. मांडवात एकालाही पत्ता लागला नाही. घरी येताना रिक्षात धोंडूबाईनं तिची पाठ थोपटली आणि आपली सखी कशी तयारीची आहे हे पुढचा आठवडाभर दिसेल त्याला सांगितलं. हौसाला त्या अर्ध्या ओळीची चव लागली असेल, हे काही तिच्या मनात आलं नाही. माणूस स्वतःच्या मोठेपणात असला की त्याला मागे बघायला मान वळवावी लागते, आणि धोंडूबाईची मान त्या बाबतीत जरा आखडलेली होती.

मुलगा मनोज गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. त्यानं आईला ठाण्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, छातीला नळी लावली आणि सांगितलं, हृदयाच्या कुठल्या भागाला रक्त कमी जातंय ते बघायला हवं. त्यासाठी शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात, ते रक्ताबरोबर हृदयात जाऊन बसतं आणि कॅमेऱ्याला दिसतं. मनोजला ड्युटीतून सुट्टी मिळेना, म्हणून सोबत हौसा गेली.

त्या तपासणीची हकिकत धोंडूबाईनं पुढे इतक्या जणांना सांगितली की कोनमधल्या पोरांनाही पाठ झाली. सुई एका जाड शिशाच्या डब्यातून आणली, ती आणणारा माणूस असा जपून चालत होता की जणू देवीचा मुखवटाच घेऊन निघालाय. मग तिला पट्ट्यावर चालवलं. पट्टा पळत होता आणि ती जागच्या जागीच. दुपारी कल्याण-भिवंडी रस्त्यावर ट्रकांचं जे होतं तेच, म्हणाली. दुसरी सुई दिल्यावर दूध आणि लोणी लावलेला ब्रेड खायला सांगितलं, कारण त्यानं यकृतातलं औषध सरकतं आणि फोटो स्वच्छ येतो. ब्रेडचे दोन तुकडे हौसानं खाल्ले आणि आपल्याला कसलाही आजार नसल्याचं नर्सला सांगितलं. मग हात डोक्यावर घेऊन यंत्राखाली वीस मिनिटं पडून राहायचं. धोंडूबाई म्हणते, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला वीस मिनिटं गप्प बसवलं, आणि तेही सरकारी कायदा न वापरता.

निघताना नर्सनं एक कागद दिला. वर पिवळ्या चौकोनात काळ्या तीन पाकळ्यांचं ते किरणांचं चिन्ह. खाली मराठीत लिहिलेलं: 'तपासणीनंतर २४ तास गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यापासून अंतर ठेवावे. भरपूर पाणी प्यावे.' धोंडूबाईची सून रूपा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. म्हणून ठरलं की धोंडूबाईनं तो एक दिवस हौसाकडे काढायचा. हौसा विधवा, मूलबाळ नाही, घरात एकटी.

पण गुपचूप जाईल ती धोंडूबाई कसली. ती आपल्या अंगणाच्या बाहेर थांबली आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली की मना शिवू नका, मी आता किरणांची बाई हाय, माझं ताट वेगळं, माझा तांब्या वेगळा. सुतकात बसतात तशी ती रस्त्याकडेला पाय पसरून बसली, रूपाकडून लांबूनच पाणी मागितलं आणि बायकांना पोट धरून हसवलं. बायका हसल्या. पण सुतकाची नक्कल ही अशी चीज आहे की हसणारे हसून जातात आणि सुतक तेवढं मागे राहतं.

त्या रात्री दोघी एकाच गादीवर झोपल्या. हौसानं तिचे पाय चेपले. कागद हौसाच्या पिशवीत राहिला.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. हृदयाच्या एका कोपऱ्याला रक्त थोडं कमी पोचतं, गोळ्यांवर भागेल. गायला हरकत नाही, पण बसून गा, आणि दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्या. यातलं 'गायला हरकत नाही' एवढंच धोंडूबाईच्या कानांनी घरी आणलं. तपासणी तिनं करून घेतली होती ती मुळी त्यासाठीच. क्षितिजाच्या हळदीला बरोबर चार आठवडे उरले होते.

त्यानंतर दोन आठवड्यांनी भावेश पुन्हा आला. या वेळी हातात सफरचंदांची पेटी. सफरचंदं आजाऱ्याला नेतात, धवलारणीला नारळ नेतात. धोंडूबाई तिथेच सावध झाली. भावेशनं चहा नको म्हटलं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली आणि गोदामाचं शटर अडकावं तसा मध्येच अडकत गेला. मावशीची तब्येत महत्त्वाची. मावशीनं हळदीला पाहुणी म्हणून यावं. पुढच्या सोफ्यावर बसावं, आमदारांच्या शेजारी. गायचा त्रास तिनं घेऊ नये, ते हौसाकाकी बघतील.

धोंडूबाईनं विचारलं, माझ्या छातीचं काय ते डॉक्टर बघेल, तुझं काय दुखतंय ते बोल.

तेव्हा भावेश बोलला. तिच्या अंगात किरण आहेत, आणि किरणांनी जीन्सवर परिणाम होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. हळद लावताना धवलारीण नवरीच्या अंगाला हात लावते. उद्या त्या पोरीच्या पोटी काही वेडंवाकडं जन्माला आलं तर? घरात चर्चा झाली. कुणी म्हणालं, अशा गोष्टीचा विटाळ किती दिवसांचा, ते शास्त्रात नाही. त्याच्या आत्यानं तोडगा काढला: मेलेल्या माणसाचं सुतक दहा दिवसांचं, पण ही गोष्ट मेलेल्यांची नाही, पुढे जन्मणाऱ्यांची आहे, म्हणून बाळंतिणीचा हिशोब लावायचा. सव्वा महिना. आणि हळद पडत होती बत्तिसाव्या दिवशी.

"पाच-सहा दिवस अजून असते ना मावशी, तर काहीच टेन्शन नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"पन हे तुला सांगितलं कोनी?"

त्यानं मोबाइल पुढे केला. त्यात त्या कागदाचा फोटो होता. पिवळा चौकोन, काळ्या पाकळ्या आणि खाली: 'तपासणीनंतर', मग एक अंगठा, मग 'गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यापासून अंतर ठेवावे'. कागद पकडताना अंगठा नेमका '२४ तास'वर आलेला होता. नखाखाली तीन ठिपके होते.

धोंडूबाईनं आपला अंगठा वर करून बघितला. तिचा तिच्याच हाताला होता.

हौसाला वाचता येत नाही, असं कुणी म्हणेल. अक्षरं येत नाहीत हे खरं. पण आकडे तिला येतात. कल्याणची बस कोणती आणि ठाण्याची कोणती हे धोंडूबाईला आजवर तीच सांगत आली होती. एका पानभर कागदावर झाकण्यासारखे दोनच आकडे होते, आणि तिचा अंगठा त्यांच्यावर होता.

भावेशला तिनं सफरचंदं परत दिली.

धोंडूबाईचा स्वभाव रडायचा नाही, भांडायचा आहे. आणि भांडायला पुरावा लागतो, हे गोदामांच्या जमिनीचे खटले बघून कोनमधल्या शेळ्यांनाही कळतं. दोनच दिवसांनी ती एकटी बस विचारत विचारत ठाण्याला गेली. किरणांच्या त्या विभागातल्या डॉक्टर रंजिता नावाच्या होत्या, चाळिशीच्या, चष्मेवाल्या. धोंडूबाईनं त्यांना सांगितलं की माझ्या अंगातली किरणं मोजून द्या आणि ती किती उरली ते सहीशिक्क्यानं लिहून द्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी लहानशा रेडिओसारखं एक यंत्र आणलं, आधी भिंतीजवळ धरलं, ते मधूनच टिकटिकलं. मग धोंडूबाईच्या छातीशी धरलं. तेवढंच टिकटिकलं.

"भिंतीत हाय तेवढंच माझ्यात?"

"तेवढंच. तेवढं सगळीकडेच असतं."

मग त्यांनी समजावलं. दिलेलं औषध दर सहा तासांनी निम्मं होतं. कणगीतला तांदूळ दर सहा तासांनी निम्मा काढत गेलं तर कणगीत काय उरेल, तसं. शिवाय बरंचसं लघवीवाटे जातं. एक दिवस अंतर ठेवा म्हणतात ते काळजी म्हणून. आज विसावा दिवस, म्हणजे ऐंशी वेळा निम्मं झालं. धोंडूबाईनं ऐंशी वेळा निम्मं करून बघायचा प्रयत्न केला आणि नवव्या वेळी तिच्या मनातल्या कणगीत शेवटचा दाणाही दोन तुकडे होऊन पडला.

ती पुढे म्हणाली, ते सगळं बरं, पण पोरांना काय होतं का, पुढच्या पोरांना? त्यावर डॉक्टर जरा थांबून बोलल्या. रक्तातल्या पेशींमध्ये गुणसूत्रं असतात, आईबापांकडून मुलांकडे जाणारे गुण त्यांच्यात असतात. अशी तपासणी झालेल्या लोकांचं रक्त आधी आणि नंतर घेऊन अभ्यासकांनी ती गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पाहिली आहेत. कुणाला फरक दिसला नाही, कुणाला थोडीशी मोडतोड दिसली. शरीर तशी मोडतोड रोजच दुरुस्त करत असतं. "धोका अगदी शून्य असं मी कुणालाच लिहून देत नाही, आजी. फार थोडा असतो. पण तो असलाच तर ज्याला सुई दिली त्याला. तो खरजेसारखा हातानं लागत नाही. तुम्ही नवरीला हळद लावलीत, तर तिला फक्त हळद लागेल."

हे वाक्य धोंडूबाईनं डॉक्टरांना जसंच्या तसं पत्रात लिहायला लावलं. सही घेतली, शिक्का घेतला, आणि शिक्का फिकट आला म्हणून आणखी एकदा मारून घेतला.

पत्र घेऊन ती थेट भावेशच्या बंगल्यावर गेली. हॉलमध्ये भावेश, त्याची बायको दिपाली, ती आत्या, आणि कोपऱ्यात मोबाइल घेऊन क्षितिजा. धोंडूबाईनं पत्र क्षितिजाच्याच हातात दिलं. कारण क्षितिजा बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी झालेली होती; तिच्या कॉलेजात पेशींचे फोटो काढतात, हे तिनंच एका दिवाळीत सगळ्यांना दाखवलं होतं. पत्र वाचणारी घरात हीच, आणि धोंडूबाईच्या मनात न्यायाधीशही हीच होती.

क्षितिजानं पत्र वाचलं. मोठ्यानं, नीट, ऐंशी वेळा निम्मं आणि गुणसूत्रं आणि फक्त हळद लागेल इथपर्यंत. भावेश म्हणाला, असं आहे होय. दिपालीनं पदर सारखा केला आणि म्हणाली की पत्र खरंच असेल, पण मुलाकडच्यांच्या कानावर ते आधीच गेलंय, ते टिटवाळ्याचे, मोठ्या नावाचे. आता परत जाऊन नाही म्हटलं तर आपणच लपवतोय असं होईल. शिवाय हौसाकाकींना लुगडं देऊन झालंय. आत्या म्हणाली, ठाण्याला अकलोलीसारखं पाणी नाही. कुंडात एकवीस आंघोळ्या केल्या तर किरणं जातील का, ते त्या डॉक्टरीणबाईला विचारलं होतंस का?

धोंडूबाई क्षितिजाकडे बघत राहिली. सतरा वर्षांपूर्वी खाटेच्या पायथ्याशी बसलेली पोर तिला अजून तेवढीच दिसत होती.

क्षितिजानं पत्राची घडी घातली. आईकडे एकदा पाहिलं. मग धोंडूबाईला दारापर्यंत पोचवायला आली आणि चपलांच्या रॅकजवळ हळू आवाजात म्हणाली, "आजी, मला सगळं माहिताय गं. हे सगळं खोटं आहे. पण आत्ता घरात वाद नको ना."

"तुला माहीत हाय?"

"हो ना."

"मग तुझ्यापेक्षा तुझ्या बापाची आत्या बरी," धोंडूबाई म्हणाली आणि चपला घालून निघाली.

घरी येऊन ती दोन दिवस फारशी बोलली नाही. कोनच्या इतिहासात हे प्रथमच घडत असल्यानं शेजारणी चौकशीला येऊन गेल्या. सगळ्यांना ती सांगत होती की गोळ्यांमुळे झोप येते. भावेशचा तिला राग नव्हता. तो स्वतःच्या हळदीतच डुलक्या घेणारा माणूस. आत्याचा तर मुळीच नव्हता. तिनं आपल्या अकलेप्रमाणे हिशोब मांडला होता, आणि हिशोब मांडण्याइतकी तरी मेहनत घेतली होती. रूपा मात्र तिच्या शेजारी येऊन बसायची, सातव्या महिन्याला टेकलेलं पोट घेऊन, मुद्दाम खेटून. एकदा म्हणाली, "आई, तुमच्यापासून लांब राहायचं ते एक दिवस. बाकीच्यांपासून किती दिवस राहायचं, ते त्या कागदावर लिव्हलंय का?"

हळदीच्या दिवशी सकाळीच हौसा आली. नवं लुगडं नेसलेली, केसांत गजरा, आणि तोंडावर रंग नाही. ओट्याच्या पायरीपाशीच उभी राहिली.

गोष्ट अशी होती. तीस वर्षं तिनं प्रत्येक ओळ म्हटली होती, पण ऐकल्यानंतर. ओळ समोरून आली की तिला पुढची सगळी यायची. ओळ समोरून आली नाही की तिथे काहीच नसायचं. देवांची आवतणं कशीबशी जुळली होती. पण भावेशच्या घराच्या गेलेल्या माणसांची नावं, कुणामागून कोण, ती ठमाबाईनं फक्त धोंडूला दिली होती. रात्रभर हौसा एकटी बसून ओळ टाकून बघत होती, आणि ती पडतच नव्हती.

धोंडूबाईनं तिला बस म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "अंगठा कुठं ठेवलास गो तू?"

हौसानं उजवा हात पदरात घेतला. मग म्हणाली, "तीस वर्सं तुझ्या मागनं बोल्लंय. टेमघरला एकदा पुढनं बोल्लंय, तं कुनाला कळलंपन न्हाय. मना एकदा पुढनं बोलायचं व्हतं, धोंडू."

"माझ्याजवल मागायचं व्हतंस. मी दिलं असतं."

खरंच दिलं असतं का, हे धोंडूबाईला माहीत नव्हतं. हौसाला मात्र माहीत होतं.

"माझ्या शेजारी निजलीस गो तू त्या रातीला. माझे पाय चेपलेस. तुला किरणं लागली न्हाय?"

रस्त्यावरून मांडवाकडे फुलांचा टेम्पो गेला. धोंडूबाईला तेव्हा तिला हाकलता आलं असतं, आणि संध्याकाळी भावेशच्या मांडवात, आमदारासमोर, टिटवाळ्याच्या मोठ्या नावाच्या लोकांसमोर, धवला मध्येच बंद पडलेला ओट्यावर बसून ऐकता आला असता. तिनं तो विचार नीट करून पाहिला. गोड लागला. पण नावं भावेशची नव्हती. ती नावं ज्यांची, त्यांचं हौसाशी काही भांडण नव्हतं.

तिनं ओळ टाकली. "पयलं आवतन गो चिंधूआजाला, खाडीच्या मुखाशी जाल टाकनाऱ्याला." हौसानं पायरीवर उभ्याउभ्या उचलली. मग चिंधूची बायको, मग तिचे दोन मुलगे, मग वादळात गेलेला नामा. एकेक नाव धोंडूबाई टाकत गेली, हौसा उचलत गेली, तीस वर्षं चाललं होतं तसंच. शेवटी ठमाबाई. तिची ओळ धोंडूबाईनं दोनदा म्हटली.

जाताना हौसानं विचारलं, "येशील ना गो सांजला?"

"माझा सव्वा महिना व्हायचा हाय," धोंडूबाई म्हणाली.

संध्याकाळी ती ओट्यावर बसली. रूपा शेजारी शेंगा सोलत होती. भावेशनं कर्ण्यांचे आवाज चढवले होते, त्यामुळे हळद अख्ख्या कोनला घरबसल्या मिळत होती. हौसाचा आवाज आला. घाबरा, पण सुरात. तिनं ओळ टाकली आणि थांबली. उचलायला कुणी नव्हतं. दोन क्षण कर्ण्यातून नुसती घरघर ऐकू आली, मग पुढची ओळ. असं प्रत्येक ओळीनंतर. धोंडूबाईचे ओठ हलायचे नि ती ते मिटायची.

चिंधू आला. चिंधूची बायको आली. मुलगे आले, नामा आला. मग ठमाबाईची वेळ आली, आणि हौसाचा आवाज थांबला. ती विसरली की तिला ते नाव घेववेना, हे ओट्यावरून कळण्यासारखं नव्हतं. घरघर लांबली. डीजेच्या माणसाला वाटलं संपलं, त्यानं गाणं लावलं.

त्याच्या आधी, त्या घरघरीत, धोंडूबाईनं ठमाबाईच्या आवतणाची ओळ म्हटली होती. बसून, मध्ये श्वास घेऊन, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी.

रूपानं शेंगांतून मान वर केली. "आई, कर्ण्याच्या घरघरीमुळं काय ऐकू न्हाय आलं."

"तुला न्हवतं बोलवलं," धोंडूबाई म्हणाली आणि संध्याकाळची गोळी मागितली.